चव न चढलेलं वरण

१

ते पत्र गेल्या वर्षी जूनमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

वहीच्या आखीव कागदाची दोन पानं होती. अक्षर सुनिता नावाच्या मुलीचं, मजकूर तिच्या सासूचा, म्हणजे धनीबाईंचा. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर अकरा बायका मिळून काळा मसाला कुटत आणि पाकिटं भरून धुळे-जळगावला पाठवत. त्यांतल्या थोरल्या त्या धनीबाई. पहिल्या पानावर एवढंच होतं :

‘देवचंदभाऊंना नमस्कार. आमच्या मसाल्यात चवीची पावडर मिसळली आहे असं तुम्ही लिहून दिलं. ती पावडर आम्ही कधी डोळ्यांनी पाहिली नाही. तुम्ही खोटं लिहिणारे नाहीत असं लोक सांगतात. आम्हीही खोटं बोलत नाही. मग दोन्ही खरं कसं, ते सांगा.’

मी जळगावच्या एका प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं अन्नाचे नमुने तपासले. कोणाशी फार बोलायला लागू नये म्हणूनच बहुधा मी ते काम धरलं असावं. निवृत्तीच्या आधी माझ्या टेबलावर आलेल्या शेवटच्या नमुन्यांत हा मसाला होता.

त्यामागची घटना अशी. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात धुळ्याच्या देवपुरात ज्ञानेश्वर नावाच्या गृहस्थांकडे मुलीचा साखरपुडा होता. जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. जेवण उरकून वीस मिनिटं होतात न होतात तोच अडतीस माणसांचे चेहरे लालबुंद झाले. कान तापले, मान आणि छाती खाजू लागली, डोकी ठणकू लागली. दोन तासांत सगळे बरे झाले, पण तोवर तिघांना दवाखान्यात नेलं होतं आणि नवऱ्या मुलाची आई रडत गाडीत बसली होती. आचाऱ्याने मसाल्याच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. वरण-भाजी तर गटारात गेली होती. हाती लागली ती फक्त मसाल्याची पाकिटं. ती माझ्याकडे आली.

मला त्यांत ग्लुटामेट सापडलं. बाजारात जिला टेस्टिंग पावडर म्हणतात, तिचा गाभा हाच. अहवालाच्या छापील नमुन्यात एक चौकोन असतो : ‘बाहेरून मिसळलेले आहे काय?’ मी त्यात ‘होय’वर खूण केली. पाकिटावर तर तसं काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘चवीच्या पावडरीने विषबाधा’ असं आलं आणि अकरा बायकांचा परवाना थांबला.

पत्र मी एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. रोज वाटायचं, उद्या उत्तर लिहू. पण लिहायचं काय? यंत्र खोटं बोललं म्हणू, की त्या?

फेब्रुवारीच्या अखेरीस माझी पुतणी सपना पिंप्राळ्याला माझ्या घरी आली. ती देवपुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

“नाना, त्या मसाल्याच्या बायकांची शेवटची सुनावणी अठरा मार्चला आहे,” ती म्हणाली. “तेव्हा काही पुरावा आला नाही तर परवाना कायमचा जाईल. अहवाल तुमचाच ना?”

मी पुस्तक काढून पत्र तिच्या हातात दिलं. तिने पहिलं पान वाचलं, उलटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“दुसऱ्या पानावर एवढं लिहिलंय. त्याचं तुम्ही काय केलंत?”

“ते मी वाचलं नाही,” मी म्हणालो.

२

आयुष्यभर मी हाती येईल ते वाचत आलो. जेवताना खाली अंथरलेला कागदसुद्धा. आणि हे एक पान मी आठ महिने वाचलं नव्हतं, कारण त्यात मला बोल लावले असतील अशी भीती होती. तसा एक शब्दही त्यात नव्हता.

‘आम्ही दोघी देवपूरला चार दिवस राहिलो. जेवून गेलेल्या एकशे बारा माणसांना भेटलो. मला लिहिता येत नाही म्हणून पळसाचे चार द्रोण केले. वरण आणि भाजी दोन्ही खाल्लेल्यांचा एक. नुसती भाजी खाल्लेल्यांचा दुसरा. नुसतं वरण खाल्लेल्यांचा तिसरा. दोन्ही न खाल्लेल्यांचा चौथा. ज्याला त्रास झाला त्याचा तुरीचा दाणा टाकला, ज्याला झाला नाही त्याचा ज्वारीचा. पहिल्या द्रोणात तूर एकतीस, ज्वारी एकोणचाळीस. दुसऱ्यात तूर नाही, ज्वारी बावीस. तिसऱ्यात तूर सात, ज्वारी नऊ. चौथ्यात तूर नाही, ज्वारी चार. भाऊ, आमचा मसाला फक्त भाजीत होता. वरणात आचारी मसाला टाकत नाही. आणि वरण खाऊन ज्यांना काही झालं नाही ते सगळे पहिल्या पंगतीचे. दुसऱ्या पंगतीत ज्याने वरण खाल्लं तो एकही सुटला नाही. मला जे दिसतं ते बरोबर आहे का, तेवढं सांगा.’

मी उठून खिडकीशी गेलो.

साथ कशी शोधायची याची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. त्यांत चार घरांचा एक तक्ता असतो : खाल्लं आणि आजारी, खाल्लं आणि बरा, असा. तो तक्ता मला समजायला दोन वर्षं लागली होती. या बाईने तो पळसाच्या पानांत मांडला होता. त्यात आजारी न पडलेल्यांनाही मोजायचं असतं, हे तर भलेभले विसरतात. मी स्वतः विसरलो होतो. मी एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

“नाना, काय झालं?”

“दुसरा द्रोण,” मी म्हणालो. “बावीस माणसांनी मसाला खाल्ला, वरण खाल्लं नाही. त्यांत तुरीचा एक दाणा नाही. मसाला सुटला, सपना. कोण आहेत हे बावीस?”

“म्हाताऱ्या बायका असणार. त्या बट्टी तूप-गुळात कुस्करतात, भाजी चवीपुरती घेतात. वरण गडीमाणसं ओरपतात.”

“म्हणजे दोन पंगतींच्या मध्ये वरणात काहीतरी पडलं.”

मला प्रवासाची भीती वाटते आणि अनोळखी माणसांची त्याहून जास्त. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी सपनाबरोबर धुळ्याच्या बसमध्ये बसलो होतो.

३

आचारी प्रेमराज अंगणात पातेली पालथी घालून बसला होता. सपनाने माझं नाव सांगताच त्याचं तोंड उतरलं. ते त्याने अहवालावर वाचलं होतं.

“बसा भाऊ. वरणनं नाव मात्र काढू नका.”

मी नेमकं तेच काढायला आलो होतो. पण सपनाच बोलली.

“प्रेमराजभाऊ, पहिल्या पंगतीला काही झालं नाही. दुसरीच्या आधी तुम्ही वरणात काय टाकलंत?”

“मसालाना दोष शे. कागदवर लिखेल शे ना यासनी.”

“मसाला भाजीत होता. आम्ही वरणाचं विचारतोय.”

त्याने एक पातेलं उगाच सरळ केलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, “तुम्ही काही बोलत नही भाऊ. पोलिसवाला तरी वरडस. तुम्ही नुसतं देखतस. त्यानी जास्ती भीती वाटस.”

“मलाही वाटते,” मी म्हणालो. खरं तेच बोललो होतो.

तो हसला आणि मग बोलता झाला. पहिल्या पंगतीत ज्ञानेश्वररावांच्या व्याह्यांनी वरण आळणी लागतं म्हणून टोमणा मारला. आचाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. पेटीत टेस्टिंग पावडर होती, ताजी आणलेली.

“एक मूठ टाकी. चव नही चढनी. अजून एक टाकी. तरी नही. मंग तिसरी.” त्याने तीन बोटं वर केली. “वीस वरीस व्हयनात माले. एक मूठमां पातेलं बोलाले लागस. त्या दिवशी तीन मूठमां बी मुकं. उलटं जरा आंबूस लागनं.”

“दिसायला कशी होती?”

“पांढरी. पण चमक नव्हती. नेहमीनी चमकस, साखरसारखी.”

सपनाने माझ्या दंडाला हात लावला. तिच्याही लक्षात आलं होतं. चव वाढवणाऱ्या पावडरीने चव वाढवली नव्हती.

“उरलेली आहे का?” मी विचारलं.

प्रेमराज आत गेला आणि पेटीच्या तळातून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. “फेकाले भीती वाटे. ठेवाले बी.”

“आणली कुठून?”

“जीवरामकडथीन. दुसरा कोण देस सुटी?”

४

जीवरामचं दुकान नाक्यावर होतं. अर्ध्या भागात किराणा, अर्ध्या भागात पशुखाद्य; दारातच सरकी पेंडीची पोती. मागच्या फळीवर पत्र्याच्या डब्यांची रांग. एकाही डब्यावर नाव नव्हतं.

“नाव कशाला?” जीवराम म्हणाला. “चाळीस वर्षं झाली. हाताला जागा माहीत आहे.”

“टेस्टिंग पावडर?”

त्याचा हात तागडीवर थांबला. “ती मी ठेवतच नाही.”

“प्रेमराज म्हणतो, तुमच्याकडूनच घेतली.”

“प्रेमराज पाकिटाचंही नाव घेत होता. उद्या तुमचं घेईल.” आणि तो गिऱ्हाईकाकडे वळला. गिऱ्हाईक नव्हतं.

आम्ही सपनाच्या कॉलेजात गेलो. मी तिच्याकडे काचेचे दोन पेले आणि थंड पाणी मागितलं. एका पेल्यात बाजारातली नेहमीची पावडर चमचाभर टाकली. ती ढवळताच दिसेनाशी झाली. दुसऱ्यात प्रेमराजच्या पिशवीतली. ढवळली, थांबलो, पुन्हा ढवळली. ती तळाशी बसून राहिली. सपनाने निळा लिटमस बुडवला. तो लाल झाला.

“ही टेस्टिंग पावडर नाहीच,” ती हळूच म्हणाली. “मग हे आहे काय?”

थंड पाण्यात जेमतेम विरघळणारी, आंबूस, पांढरी पूड. पोटात गेल्यावर वीस मिनिटांत चेहरा लाल, कान गरम, अंगाला खाज, आणि दोन तासांत सगळं ओसरतं. मला एकच नाव सुचत होतं, पण स्वतःवर माझा भरवसा नव्हता. म्हणून मी ते कागदावर लिहिलं, घडी घातली आणि तिला म्हणालो, “आधी यंत्राला विचार.”

संध्याकाळी तिने यंत्राचा कागद आणला आणि माझी घडी उलगडली. दोन्हीकडे एकच होतं. नायसिन. जीवनसत्त्व ब गटातलं एक. माणसाला रोज लागतं, पण इतकंसं, चिमटीतही न येणारं. मोठी मात्रा एकदम गेली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात. पशुखाद्यात ते मिसळतात, व्यालेल्या गाईंसाठी.

तेहतीस वर्षं लग्नाकार्यांत लोक मला कोपऱ्यात गाठून विचारत, ती चवीची पावडर विष आहे का हो? मी त्यांना सांगे, हा प्रश्नच अपुरा आहे. किती, कोणाला आणि किती वेळा, हे विचारा. ग्लुटामेट टोमॅटोत आहे, तुरीच्या डाळीत आहे, आईच्या दुधात तर भरपूर आहे. जगात आल्यावर आपण पहिली चव घेतो ती त्याची. रिकाम्या पोटी मोठी मात्रा घेतली तर काहींचं डोकं थोडा वेळ दुखतं, असं दिसलं आहे. काही तज्ज्ञांनी रोजची मर्यादा ठरवायची गरजच नाही म्हटलं, काहींनी पुढे वजनाच्या किलोमागे तीस मिलिग्रॅमचा आकडा दिला. असं तोलून मापून मी लोकांना सांगत असे. आणि इथे अडतीस लाल चेहरे बघून मीही, सगळ्यांसारखाच, मनातल्या मनात त्या पावडरीवर खूण करून मोकळा झालो होतो.

त्या पाहुण्यांना काय वाटलं असेल ते मला जाणून घ्यायचं होतं. सपनाच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाच्या दुकानातली नायसिनची एक छोटी गोळी घेतली. अठराव्या मिनिटाला कानांच्या पाळ्या पेटल्या. मग गाल, मग मान. आतून कोणीतरी दिवे लावत चालल्यासारखं वाटलं. आपल्या अंगात एवढं सगळं झोपलेलं असतं आणि एवढ्याशा गोळीने जागं होतं, याचं मला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं.

“नाना, आरशात बघा,” सपना म्हणाली. “नवरदेव दिसताय.”

पण डब्यात हे आलं कसं? ते जीवरामच सांगू शकत होता, आणि त्याने तोंड बंद केलं होतं.

५

तासाभरात मी एकटाच जीवरामकडे गेलो. सपनाने वाद घातला असता. मला वाद घालता येत नाही. तिथे त्याचाच उपयोग झाला असावा. मी पेंडीच्या पोत्यावर बसून राहिलो. माझे गाल अजून थोडे लाल होते.

“काय झालं चेहऱ्याला?” त्याने विचारलं.

“तुमच्या गाईंची पूड कशी असते ते पाहिलं.”

जीवरामने दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

“तुम्ही डबे चाळीस वर्षं जागेवरून ओळखता,” मी म्हणालो. “म्हणजे तुमची चूक व्हायची तर डब्यांची जागाच बदलायला हवी. तुम्ही स्वतः ती बदलणार नाही. साखरपुडा आखाजीनंतरच्या आठवड्यातला. आखाजीला घरोघरी कोण येतं, ते मला माहीत आहे.”

तो खाली बसला. आता तो दुकानातली भाषा बोलत नव्हता.

“मनी सविता. आखाजीले माहेर येल व्हती. म्हणे, आबा, किती धूळ शे. सगळ्या फळ्या पुस्यात, डबा घासीसन परत ठेवात. दोन डबा इकडना तिकडे व्हयनात. माले काय माहीत? मी हात घाला आणि तोलं. चौथा दिवशी ध्यानमां उनं. तवय पेपरमां बी उनं.” तो थांबला. “तिनी मायेपोटी करं भाऊ. सासरी तिले कोणी सांगं तर? मंग मी गप बसनू.”

“आणखी कोणाला दिलंत?”

“त्या दिवसमां दुसरं कोणी नही. एक गवळी तेवढा. त्याना गाईसले तुम्हनी चवीनी पावडर गयी.”

“मग?”

“म्हणे, गाई गव्हाण चाटी ऱ्हायन्यात.”

आम्ही दोघेही हसलो, आणि मग तो रडला. मी त्याला सांगितलं की मला सविताचं नाव नको, त्याची सही हवी. नाव नसलेले डबे ठेवले ते त्याने. पुसणाऱ्या हाताचा दोष नव्हता. आणि चौथ्या दिवशी कळूनही तो दहा महिने गप्प राहिला, तोवर अकरा बायकांच्या उखळी बंद होत्या. आठ महिने मीही गप्पच होतो, हेही मी सांगितलं. त्याने कागद मागितला.

६

वरणाचं कोडं सुटलं, पण पत्रातला प्रश्न तसाच होता. मसाल्यात ग्लुटामेट होतं. बायकांनी ते टाकलं नव्हतं. दोन्ही खरं कसं?

निवृत्त होताना मी माझ्या कच्च्या नोंदींची एक प्रत घरी आणली होती. पिंप्राळ्याला परतताच ती काढून बसलो. मसाल्याच्या आलेखात ग्लुटामेटचा उंच सुळका होता. त्याच्यापुढे एक बारका उंचवटा होता, त्याच्याखाली माझ्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेलं : ‘ग्वानिलेट, किरकोळ.’

किरकोळ. मी तो शब्द बराच वेळ बघत बसलो. ग्वानिलेटही चव वाढवतं, ग्लुटामेटबरोबर असलं तर कितीतरी पटींनी. ते दोन्ही एकत्र विकतही मिळतं, पण महाग असतं. पाड्यावर ते कोण आणणार? मात्र एक वस्तू अशी आहे की तिच्यात ग्लुटामेट मुळातच असतं, आणि ती उन्हात वाळवताना ग्वानिलेटही आपोआप तयार होतं.

मी सपनाला फोन करून बोलावलं. तिने सुनिताला फोन लावून मधे ठेवला. पलीकडून धनीबाई बोलू लागल्या, मोठ्याने, फोन लांब धरून बोलतात तसं.

“देवचंदभाऊ शे का? जिता शे?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग बोला ना. आठ महिने झाले, मला वाटलं पत्र ढोरानं खाल्लं.”

मी कच्च्या नोंदींचा कागद पुढे ओढला. “अक्का, तुम्ही मसाल्यात आळंबी घालता का? वाळवलेली?”

पलीकडे कुजबुज. मग कोणीतरी कोणाला तरी ढोसल्याचा आवाज.

“वारुळावरची,” धनीबाई हळू म्हणाल्या. “पावसाळ्यात निघते. वाळवून कुटतो, मूठभर. माझ्या आईपासून. त्याच्याशिवाय आमच्या मसाल्याला चवच नाही.”

“पाकिटावर का लिहिली नाही?”

“शहरातली शाकाहारी माणसं आळंबीला मांसच म्हणतात भाऊ. लिहिलं तर पाकीट कोण घेईल? आमची चोरी तेवढीच शे.”

सपनाने डोळे मिटून घेतले. मी मात्र थक्क झालो होतो. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी शोधून काढलं की या दोन गोष्टी एकत्र आल्या की चव कितीतरी पटींनी वाढते. धनीबाईंच्या आईने ते उखळात करून ठेवलं होतं, आणि ते माझ्या यंत्राने बरोबर पकडलं होतं. यंत्र ग्लुटामेट आहे एवढंच सांगतं. ते डब्यातून आलं की वारुळावरून, हे त्याला सांगता येत नाही. चौकोनातली खूण यंत्राने केली नव्हती, मी केली होती.

मी फोनवर त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “तुम्हाला जे दिसलं ते बरोबर होतं, अक्का.”

“फोनवरचं कोण मानतं?” त्या म्हणाल्या. “मला पत्राचं उत्तर द्या. कागद द्या.”

७

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात ‘कदाचित’ नऊ वेळा होतं, ते मी सगळीकडून काढलं.

‘धनीबाई अक्कांस नमस्कार. दोन्ही खरं कसं, असं तुम्ही विचारलं होतं. ग्लुटामेट तुमच्या मसाल्यात आहे, हे खरं. तुम्ही पावडर मिसळली नाही, हेही खरं. ते वाळवलेल्या आळंबीतलं आहे. खोटी आहे ती माझ्या अहवालातली खूण. ती करताना माझ्याकडे पुरावा नव्हता. तसं लिहून, सही करून, सोबत जोडलं आहे. देवपूरच्या माणसांना त्रास वरणातून झाला. ते चार द्रोणांवरून तुम्ही माझ्या आधी दाखवलं होतं. पिशवीतल्या पुडीचा तपास, प्रेमराज आणि जीवराम यांचे जबाबही जोडले आहेत.

‘एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. आळंबी पाकिटावर लिहावी लागेल. जो खात नाही त्याला ती नकळत खाऊ घालायचा आपल्याला हक्क नाही. सुनावणीत कोणी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. त्यासाठी दंड झाला तर तो रास्त असेल; परवाना जाण्याएवढा तो गुन्हा नाही, हे मी तिथे उभा राहून सांगेन. मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी अठरा तारखेला मी येतो आहे. उशीर झाला, त्याची क्षमा मागतो.’

सकाळी दहाला पोस्टाच्या खिडकीशी गेलो. आतल्या बाईंनी पाकीट तोललं, उलटंसुलटं केलं आणि माझ्याकडे परत सरकवलं.

“आबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय. त्याशिवाय स्पीड पोस्ट जात नाही.”

मागे चार-पाच माणसं उभी होती. मी तिथेच फळीवर वाकलो आणि पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली ‘निवृत्त अन्न विश्लेषक’ लिहिलं, आणि पाकीट पुन्हा खिडकीतून आत दिलं. बाईंनी त्यावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.